वाट बघितली की

लिफ्टमध्ये ती आणि खालच्या मजल्यावरचे मास्तर, दोघंच होती. मास्तर शाळेतले नव्हेत. छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता निवृत्त झालेले. पण दुसऱ्याच्या चुका काढायची खोड सुटली नाही म्हणून सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणायची. दार बंद झालं तसे ते घसा साफ करून म्हणाले, "एक बोलू का? वाईट नका वाटून घेऊ."

"बोला की."

"खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या बसवून घ्या. चार टोप्यांचं काम. तुमचे बाबा होते तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, आजारी माणूस. रोज संध्याकाळी तुम्ही यायच्या आधी वर खुर्ची खरडायची. मी घड्याळ न बघता चहाचं आधण ठेवायचो. म्हणायचो, खुर्ची वाजली, मुलगी कोपऱ्यावर आली. ते गेले आणि थांबलं." लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली. एक पाय बाहेर टाकून ते म्हणाले, "आता पुन्हा सुरू झालंय. माझे कान जरा तिखट आहेत, काय करणार."

दार मिटलं. एकच मजला वर जायचं होतं. लिफ्टच्या आरशात तिने स्वतःकडे पाहिलं. आरशातली बाई काहीच झालं नसल्यासारखी उभी होती. आईचं दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं होतं. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, केस विंचरलेले, पाठ ताठ, मांडीवर वर्तमानपत्र. बाबा बसायचे तीच खुर्ची, तीच जागा. "आलीस?" आई म्हणाली. आवाज ठणठणीत होता. कालपर्यंत हा आवाज ऐकून तिला बरं वाटायचं. आज तिच्या मनात आलं की इतका ठणठणीत आवाज काढायला दम लागतो.

ती आईला काही बोलली नाही. मास्तरांचा निरोपही दिला नाही. चहा झाला, भांडी विसळून झाली, आईने शेजारच्या इमारतीतल्या भांडणाची हकीकत रंगवून सांगितली. ती हसली, आणि हसताना खोलीभर बघत राहिली. पलंग एका भिंतीला, खिडकी समोरच्या भिंतीला, मध्ये मोकळी फरशी. पलंगाची चादर ताणून बसवलेली, इतकी की तिच्यावर दुपारभर कुणी आडवं झालं असेल असं वाटू नये. औषधाच्या गोळ्या कुठेच दिसत नव्हत्या. बाबांच्या वेळीही दिसायच्या नाहीत. तेव्हा तिला ती आईची टापटीप वाटायची.

घरी परतताना बसमध्ये तिने एकेक संध्याकाळ आठवून तपासायला घेतली. बाबा खिडकीशी बसलेले. चष्मा नाकावर, पेपर हातात. ती दार ढकलून आत आली की न वळता म्हणायचे, "आल्या इन्स्पेक्टरीणबाई! लपवा रे सगळं." आणि ती हसायची. सगळ्यांत जास्त तीच हसायची. आजार वाढत होता हे कागदोपत्री तिला ठाऊक होतं, पण माणूस समोर बसून पेपर वाचतो आहे, शब्दकोड्यात अडलेला शब्द विचारतो आहे, तर कागदावर कोण विश्वास ठेवणार? डॉक्टरांनी विचारलं होतं, "संध्याकाळी कसे असतात?" तिने अभिमानानेच सांगितलं होतं, "खिडकीशी बसतात. वाचतात. चेष्टा करतात." डॉक्टरांनी मान हलवली होती, औषधं आहेत तीच चालू ठेवली होती आणि इस्पितळात हलवायचं पुढे ढकललं होतं. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. बाबा एका सकाळी गेले. तेव्हा ती प्रयोगशाळेत, काळोख्या खोलीच्या दाराबाहेर, प्रकाशाचे पट्टे उमटण्याची वाट बघत बसली होती.

म्हणजे तिने डॉक्टरांना सांगितलं होतं ते नेमकं काय होतं? ती समोर असतानाचे बाबा. तिच्याकडे दुसरे बाबा नव्हतेच. ती यायच्या आधी खुर्ची खरडायची, रंगमंचावर सामान हलवतात तशी. मग पडदा उघडायचा. आणि हे आईला ठाऊक होतं, खालच्या मास्तरांना ठाऊक होतं, कदाचित दाराशी कचरा न्यायला येणाऱ्या बाईलाही असेल. ज्या एका व्यक्तीसाठी हे सगळं चाललं होतं तिला तेवढं ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा चहाच्या यंत्रापाशी चाललेलं बोलणं थांबलं. बाबा गेल्यापासून असं व्हायचंच. लोक तिच्यासमोर आवाज एक पट्टी खाली आणायचे. प्रयोगातला तिचा जोडीदार, ज्याला सगळे दाढी म्हणत (दाढी काढून कितीतरी वर्षं झाली होती), तिला बघून म्हणाला, "पट्टे काल पुन्हा फिके पडले. तू टेबलापाशी गेली होतीस का?"

"मी? मी दुपारीच घरी निघाले. तू गेला असशील."

"मी कशाला जाऊ? मला काय हौस आहे?"

त्यांचा प्रयोग सांगायला सोपा होता आणि करायला जिवावर यायचा. काळोख्या खोलीत, हादरे बसू नयेत म्हणून हवेच्या उशांवर तरंगणारं जड टेबल. त्यावर प्रकाशाचा एकेक कण सोडायचा. एका वेळी एकच. पुढे दोन वाटा. कणाने कुठल्याही वाटेने जावं आणि पलीकडच्या कॅमेऱ्यात एक ठिपका उमटवावा. एका ठिपक्यात काही अर्थ नसतो. पण ठिपक्यामागून ठिपका पडत गेला की हळूहळू पट्टे दिसू लागतात, एक उजळ, एक काळा. कण एकटाच जातो, तरी दोन्ही वाटा मोकळ्या असल्या तरच हे पट्टे येतात. आणि तो कुठल्या वाटेने गेला हे समजून घ्यायची सोय केली की पट्टे नाहीसे होतात. उरतो एक सपाट धूसर डाग. तिला यात अजूनही, इतकी वर्षं होऊन, कुठेतरी फसवल्यासारखं वाटायचं. वाट विचारली तर कण पट्टे दाखवत नाही, आणि न विचारता जे दाखवतो त्यात वाटेचं उत्तर नसतं.

हवेची गडबड वेगळी. माणूस टेबलापाशी उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेने एका वाटेवरची हवा जराशी हलते आणि पट्टे थरथरतात, फिके पडतात. तो साधा अनाडीपणा. दार लावून बाहेर बसलं की जातो. म्हणून प्रयोग चालू असताना खोलीत कुणी जायचं नाही असा नियम होता आणि म्हणूनच दोघं एकमेकांवर संशय घेत होती. पण दुसरी गोष्ट बाहेर बसून जात नाही. दोन वाटांवर दोन वेगळ्या खुणा करून ठेवल्या, म्हणजे या वाटेने गेलेला कण उभा थरथरेल आणि त्या वाटेने गेलेला आडवा, तर कॅमेऱ्याने त्या खुणेकडे ढुंकूनही बघितलं नाही तरी पट्टे जातात. पाहुणे आले की हटकून म्हणायचे, "म्हणजे आपण बघितलं की बदलतं, नाही का?" आणि ती हटकून सांगायची, "बघायला माणूस लागत नाही. खूण राहिली की संपलं. ती कोणी वाचो न वाचो." पाहुण्यांचा जरासा हिरमोड व्हायचा. त्यांना स्वतःच्या डोळ्यांत काहीतरी ताकद असल्याचं ऐकायला आवडलं असतं.

बाबांचा हिरमोड झाला नव्हता. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानादुकानांत तराजू तपासण्यात गेली. तिने पहिल्यांदा त्यांना प्रयोग समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वाट बघितली की बिघडतं, असंच ना?" ती म्हणाली, "तसं नाही हो बाबा, कुठली वाट ते बघितलं की." "तेच की गं. वाट बघितली की." आणि स्वतःच्या कोटीवर स्वतःच खूश होऊन त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावलं. "ऐकलंस का, हिच्या खात्यात वाट बघायला मनाई आहे. म्हणून ही उशिरा आली तरी आपण खिडकीत उभं राहायचं नाही. सगळे पट्टे जातील." आई म्हणाली, "कसले पट्टे?" बाबा म्हणाले, "ते तिला विचार. मला पगार तराजूचा मिळायचा."

पुढे ते म्हणाले होते की यात नवल काय, हे तर त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. "मी दुकानात शिरलो की तराजू सरळ होतो. मी वळलो की तो काय करतो, ते त्यालाच ठाऊक." म्हणूनच ते तिला न्यायचे. ती लहान होती, दोन वेण्या, हातात पिशवी. बाबा कोपऱ्यावर आडोशाला थांबायचे आणि ती एकटी दुकानात जाऊन किलोभर साखर मागायची. पुडा घेऊन बाहेर आली की बाबा त्यांच्या पेटीतल्या काट्यावर तो तोलायचे. निरीक्षकाची मुलगी म्हणून तिला कुणी ओळखत नव्हतं. तीच त्यांची न दिसणारी नजर. बहुतेक दुकानांत साखर थोडी कमी भरायची. पण एकदा एका म्हाताऱ्या दुकानदाराने पुडा बांधता बांधता तिच्या वेण्यांकडे बघितलं आणि मूठभर साखर वर टाकली. बाबांनी तोलून बघितलं, पुन्हा तोलून बघितलं, आणि कोपऱ्यावर उभे राहून पोट धरून हसले. "जास्त भरली! आता याच्यावर कुठलं कलम लावू?" मग म्हणाले, "तुला पाठवलं तिथेच चुकलं. लहान पोर बघून तराजूसुद्धा पाघळतो." ती खट्टू झाली होती. तिला वाटत होतं की ती अदृश्य आहे.

ज्या माणसाला हे सगळं ठाऊक होतं, त्याने तिच्याशी तेच केलं? तराजू सरळ करून ठेवला? काळोख्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून ती हा विचार चघळत राहिली, आणि तो जितका चघळला तितका कडू झाला. इन्स्पेक्टरीणबाई ही थट्टा नव्हतीच तर. तो इशारा होता. बाबा रोज तिला सांगत होते की तू तपासणीला येतेस, आणि तपासणीला येणाऱ्याला दुकानदार जे दाखवतो तेच तुला दिसतं आहे. आणि ती रोज हसत होती. आता आईही त्याच खुर्चीत, त्याच ताठ पाठीने. आई काय लपवत होती? डाव्या पायावर भार देत नाही असं एकदा वाटलं होतं, विचारल्यावर आई म्हणाली होती, "चप्पल चावते गं." घरात कुठली चप्पल? तिच्या हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. फोनवर आई "मी बरी आहे" म्हणायची ती "बरी" वर किंचित जोर देऊन. बरी असलेली माणसं जोर देत नाहीत.

तिने वेळा बदलून बघितल्या. भलत्या दिवशी, भलत्या वेळी, न कळवता गेली. पण त्या रस्त्याला एकच वळण होतं, कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानापाशी, आणि तिथून इमारतीच्या दारापर्यंत सगळा रस्ता आईच्या खिडकीतून दिसायचा. ती वर पोचायची तेव्हा आई खुर्चीत. एकदा आई धापा टाकत होती. "काय झालं?" "काही नाही, तुझ्या नावाने उचकी लागली होती." एकदा कानाच्या पाळीपाशी घामाचा थेंब होता, केस मात्र विंचरलेले. ती दार लोटून आत येईपर्यंत सगळं जागच्या जागी यायचं. दार उघडं ठेवतेस, कुणी शिरेल, असं ती म्हणाली तर आईने उडवून लावलं, "शिरून नेणार काय? मला?"

रविवारी दुपारी ती मागच्या फाटकाने आली. गाड्या लावतात तिथून, पाण्याच्या टाक्यांना वळसा घालून, चोरासारखी. लिफ्ट घेतली नाही, कारण लिफ्टचं दार वरच्या मजल्यापर्यंत वाजतं. जिन्याने मास्तरांच्या दारापर्यंत गेली आणि घंटा न वाजवता बोटाच्या पेराने टकटक केलं. मास्तरांनी दार उघडलं. अंगात बनियन होता; ते चपापून आत जाऊन सदरा घालून आले.

"टोप्या आणल्यात का?"

"आणल्यात." तिने पर्समधून पुडी काढून दाखवली. "त्याआधी एक विचारायचं होतं. मला जरा इथे बसू द्याल? ऐकायचं आहे."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग छताकडे. त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळीत चुकीच्या जागी पडलेला शब्द असल्यासारखा भाव होता. पण त्यांनी आरामखुर्चीवरचे पेपर उचलून तिला जागा करून दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. खोली वरच्यासारखीच होती, फक्त वेगळी लावलेली. वरती पलंग होता तिथे इथे पुस्तकांचं कपाट, वरती खिडकीपाशी खुर्ची, इथे खिडकीपाशी कुंडी. ती आईच्या घराखाली बसली होती आणि आईला हे माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती खरोखर अदृश्य झाली होती, आणि तिच्या छातीत धडधडत होतं. दरवाजामागे उभं राहून मोठ्या माणसांचं बोलणं ऐकताना धडधडायचं तसं.

तिने फोन लावला. वर घंटी वाजली. फोनमध्येही वाजली आणि छतातूनही. बऱ्याच वेळाने आईने उचलला.

"आई, निघते आहे गं. येतेच थोड्या वेळात."

"ये की. सावकाश ये, घाई नको." ठणठणीत.

तिने फोन ठेवला. वर काही नाही. मग एक खरड, लहानशी, पलंगाच्या बाजूने. शांतता. पुन्हा खरड, आणि तिच्यामागून पाय फरशीवर ओढल्याचा मऊ आवाज. शांतता, आधीपेक्षा लांब. ती वाट बघत होती सामान आवरल्याच्या आवाजांची, कपाट उघडण्याची, गोळ्यांचा डबा आत टाकण्याची. तसलं काही झालं नाही. फक्त खरड, पाय, थांबणं. खरड, पाय, थांबणं. पंख्याच्या बरोबर वर आवाज इतका वेळ थांबला की ती आरामखुर्चीतून अर्धी उठली. मास्तरांनी हाताने बसा अशी खूण केली. ते छताकडे बघत होते, एखाद्या लांब वाक्याचा शेवट शोधत असल्यासारखे. खरड, पाय. खरड, पाय. मग खिडकीच्या डोक्यावर आवाज थांबला, आणि लाकूड भाराखाली करकरलं.

"पोचल्या," मास्तर म्हणाले.

"काय म्हणालात?"

"पोचल्या. तुमच्या बाबांच्या वेळी पण म्हणायचो, पोचले." ते ओशाळले. "घरात एकट्याने बोलायची सवय लागते हो."

ती त्या एका क्रियापदाशी अडली. खुर्ची सरकते, खुर्ची वाजते, खुर्ची कोणी ओढतं. खुर्ची पोचत नाही. पोचतं माणूस. मास्तर इतके दिवस खाली बसून एक माणूस चालताना ऐकत होते, आणि इतके दिवस तिच्या डोक्यात मात्र सामान हलत होतं. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरायची, खुर्ची थोडी पुढे ढकलायची, तिच्यामागून पाय ओढायचा. श्वास घ्यायचा. पुन्हा ढकलायची. खिडकीशी गेलं की तिच्यावरच बसायचं. बाबांच्या वेळी ती असा फोन करत नसे; ते तिच्या सुटण्याच्या वेळेवर निघत असतील. ती प्रयोगशाळेतून निघायची त्याच सुमाराला ते पलंगावरून निघत असतील.

ती वर गेली. दार लोटलेलं. आई खुर्चीत, तोंड रस्त्याकडे, हात केसांवरून फिरवत होती. दाराच्या आवाजाने दचकून वळली.

"अगं! कुठून आलीस? वळणावर दिसली नाहीस."

ती पुडी हातात धरून आत आली.

आईने तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या रबरी टोप्यांच्या पुडीकडे बघितलं, मग फरशीकडे. आईला गोष्टी पटकन कळायच्या. बाबा म्हणायचे, हिच्यापुढे निरीक्षक काय चीज आहे. "मास्तरांकडे होतीस," आई म्हणाली. "ऐकत होतीस."

"कधीपासून आहे हे? पाय?"

"आहे थोडे दिवस. कमरेपासून निघतं. दाखवणारच होते मी डॉक्टरांना."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं. तू आलीस की बरं वाटतं, मग राहून जातं."

"आई, हेच! हेच बाबांनी केलं!" तिचा आवाज चढला, आणि चढला म्हणून फाटला. "मी यायचे तेव्हा ते बरे असायचे, मी डॉक्टरांना सांगायचे बरे आहेत. सगळे मिळून मला दाखवत होतात तेवढंच मी बघत होते. एकदा तरी मला कळायला हवं होतं ना, कोणी बघत नसताना ते कसे होते!"

आई खुर्चीत जराशी पुढे झुकली. "कोणी बघत नसताना म्हणजे?"

"म्हणजे मी नसताना."

"मग तसं म्हण. मी होते ना तिथे. मी काय भिंत होते?" आईचा आवाज आता ठणठणीत नव्हता; तो तिला अनोळखी, खालच्या पट्टीतला आवाज होता. "दिवसभर मीच बघत होते. 'आई गं, आई गं' करायचे झोपेत. एवढा मोठा माणूस. पेज भरवली तर अर्धी बाहेर. डॉक्टर इथे आले होते, मी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, हलवून काही उपयोग नाही, घरीच राहू दे. तुला वाटतं तुझ्या एका शब्दावर चालत होतं सगळं? मला कोणी कधी विचारलं, आई, ते कसे होते? तू यंत्राला विचारतेस, डॉक्टरला विचारतेस, खालच्या मास्तराला जाऊन विचारलंस."

खिडकीतून इस्त्रीवाल्याच्या दुकानाची ताडपत्री दिसत होती, आणि तिच्याखालून माणसं येत होती, जात होती. इथून तिची स्वतःची चाल कशी दिसत असेल याचा तिने कधी विचार केला नव्हता.

"ते नाटक नव्हतं गं," आई म्हणाली. "मी म्हणायचे, कशाला ओढत नेता स्वतःला, ती काय परकी आहे? पडून राहा. तर म्हणायचे, वाट बघायची तर उठून बघावी. पडून बघितली तर छतच दिसतं." आई हसली, मग हसणं अर्ध्यावर सोडून दिलं. "तू वळणावर दिसलीस की पेपर उचलायचे. वाचत काही नव्हते. कितीदा उलटा असायचा. तुझ्या कधी लक्षात आलं नाही?"

नव्हतं आलं. इतकी नेमकी नजर, प्रयोगाच्या टेबलावरचा आरसा केसाच्या जाडीइतका हलला तरी ओळखणारी. तिने आठवून बघितलं आणि तिला बाबांचा चष्मा दिसला, बोटं दिसली, पेपर मात्र कुठल्याच बाजूने दिसेना.

"बरं, ऊठ," आई म्हणाली. "त्या टोप्या आणल्यास तर बसव तरी. मास्तर जीव खातील." असं म्हणून आई खिडकीच्या गजाला धरून स्वतःच उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने खुर्ची उचलून मध्ये आणली, आडवी केली आणि फरशीवर गुडघे टेकून बसली. खुर्चीच्या पायांचं लाकूड खालून झिजून तिरकं झालं होतं. टोपी घट्ट बसेना. ती तळहाताने ठोकू लागली, आणि ठोकताना तिची नजर फरशीवर गेली.

उभ्याने कधी दिसलं नसतं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्या उन्हात फरशीवर, पलंगापासून खिडकीपर्यंत, ओरखडे उठले होते. एकाशेजारी एक, बारीक, लांब, कुठे दाट कुठे विरळ. एका ओरखड्यात काही अर्थ नव्हता. पण रोजच्या रोज, जाता-येता, एकावर एक पडत जाऊन त्यांचे पट्टे झाले होते, एक उजळ, एक काळा. ती नसताना उमटलेले. तिने बोट फिरवलं. यातले बाबांचे कुठले आणि आईचे कुठले? खुर्ची तीच, वाट तीच, ढकलणारे हात फक्त वेगळे. ते ओरखड्यात राहत नाहीत. ती विचारू शकली असती. आई कदाचित सांगूही शकली असती, हा खोल आहे ना, तो त्यांचा. तिने विचारलं नाही. तिने दुसरी टोपी घेतली.

पाठीमागे आई भिंतीपासून सुटली. पाणी प्यायला निघाली असावी. स्वयंपाकघराचं दार पलीकडे होतं आणि मध्ये धरायला काही नव्हतं, कारण खुर्ची आडवी पडून तिच्या हातांत होती. तिला पाय ओढल्याचा आवाज आला. तिची मान वळू लागली.

"बघू नकोस," आई म्हणाली.

तिने मान खाली घातली. समोर फक्त फरशी होती, ते पट्टे, आणि रबराचा वास. मागे पाय ओढला गेला, थांबला. श्वास. पुन्हा ओढला गेला, अगदी जवळ.

"आई गं," आई म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, आणि तिच्या खांद्यावर हात टेकून सगळा भार टाकला.

ती हलली नाही. दोन्ही हात फरशीवर रोवून तिने खांदा ताठ धरला, आईला पुढे जाता येईल तोपर्यंत.